साखळी ते ड्रोन : एका मोजणीवाल्याचे चार शब्द

(दहावीच्या १९७८ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



प्रत्येकाने आपापल्या कामाविषयी थोडे बोलावे असे ठरले तेव्हा संयोजकांनी मला फोनवर विषय दिला : "तू बांधावर बोल." चेष्टेने म्हणाले असतील, पण विषय नेमका दिला. १९८४ साली मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून लागलो आणि २०२० साली निमतानदार म्हणून निवृत्त झालो. मधली छत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या बांधांवर गेली. गावात आमच्या कचेरीला 'मोजणी ऑफिस' म्हणतात आणि आम्हाला 'मोजणीवाले'. निमतानदार म्हणजे काय, हे माझे पुण्यातले व्याही अजून विचारतात. एकाने केलेली मोजणी दुसऱ्या पक्षाला मान्य नसली की वरचा माणूस जाऊन पुन्हा मोजतो, ती निमताना मोजणी. म्हणजे भांडण चांगले शिजल्यावर पातेल्यात हात घालायला जो जातो, तो मी.

या नोकरीत माझ्या हातातले साधन चार वेळा बदलले. साखळी, प्लेन टेबल, ईटीएस आणि रोव्हर. शेवटी शेवटी डोक्यावर ड्रोनही येऊन गेला. आमच्या आधीच्या चार-पाच पिढ्यांनी एकाच साखळीने नोकऱ्या काढल्या. आमच्या पिढीच्या वाट्याला सगळेच आले. म्हणून म्हटले, हे सगळे पाहिलेला माणूस समोर उभा आहे तोवर सांगून टाकावे.

सुरुवात साखळीपासून. आम्ही तिला शंकू-साखळी म्हणायचो. साखळी लोखंडी कड्यांची, ३३ फूट लांब, तिचे सोळा भाग, एका भागाला आणा म्हणायचे. शंकू म्हणजे काठीवर बसवलेले काटकोन साधायचे साधन. त्याच्या खाचेतून पाहिले की डाव्या-उजव्या हाताला नव्वद अंशांची रेघ मिळते. बरोबर दोन-चार झेंड्या, एक ओळंबा आणि साखळीचे दुसरे टोक धरायला एक माणूस. या एवढ्या सामानावर आपल्या भागातल्या शेतजमिनीचा मूळ हिशोब उभा आहे.

३३ फूटच का, हे मला खात्यात लागल्यावर कळले, आणि शाळेत कुणी सांगितले असते तर गणितात मला थोडे बरे गुण पडले असते. ३३ गुणिले ३३ करा. १०८९ येतात. १०८९ चौरस फूट म्हणजे एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, म्हणजे एकर. साखळी चारी बाजूंना एकेकदा टाकली की आत एक गुंठा सापडतो. आज हायवेच्या कडेला गुंठ्यांचे फलक लागलेत, त्यांच्या मुळाशी ही लोखंडी कड्यांची साखळी आहे.

साखळीला एक खोड होती. वापरून वापरून ती लांबते. कड्या ताणल्या जातात, सांधे झिजतात. लांबलेल्या साखळीने मोजले की जमीन कमी भरते, आणि शेतकरी म्हणतो शेजाऱ्याने खाल्ली. म्हणून साखळी अधूनमधून तपासून घ्यायची असा नियम होता. किती जण तपासायचे ते मी या व्यासपीठावरून सांगत नाही.

आता थोडा इतिहास, कारण तो आपल्याच जिल्ह्यातला आहे आणि त्याशिवाय पुढचे कळणार नाही. पेशवाई गेल्यावर, १८२० च्या दशकाच्या अखेरीस, प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने या भागाची मोजणी आणि आकारणी केली. ती इतकी बारीक आणि इतकी किचकट झाली की प्रत्यक्षात चालेना. सारा झेपेना म्हणून लोक जमिनी टाकून जाऊ लागले. मग १८३५-३६ च्या सुमारास इंदापूरला गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नव्याने सुरुवात केली. त्यांनी गोष्ट सोपी ठेवली. एका बैलजोडीला कसता येईल एवढ्या जमिनीचा साधारण एक सर्व्हे नंबर, त्याच्या हद्दीवर खुणा, आणि त्या नंबरावर सारा. १८४७ च्या संयुक्त अहवालात ही पद्धत पक्की झाली आणि मग मुंबई इलाखाभर पसरली.

लक्षात घ्या, ही मोजणी सारा ठरवण्यासाठी होती. दोन भावांच्या मधला बांध वीतभर इकडे की तिकडे, हे ठरवायला ती केलेलीच नव्हती. वीतभराने साऱ्यात पै-पैशाचाही फरक पडत नव्हता. पण पुढे लोकसंख्या वाढली, जमिनीचे तुकडे पडले, विहिरी झाल्या, पाणी आले, भाव आले, आणि आपण त्याच कागदांना वीतभराचे प्रश्न विचारू लागलो.

ते कागद दोन प्रकारचे. एक टिपण आणि दुसरा गावनकाशा. टिपण म्हणजे एका सर्व्हे नंबराचे जागेवर काढलेले कच्चे रेखाटन. शेताच्या मधून एक लांब रेघ, तिच्यापासून दोन्ही बाजूंना बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत काढलेले लंब, आणि प्रत्येकावर साखळी-आण्यांत लिहिलेले अंतर. जुन्या टिपणांवरचा मजकूर पुष्कळदा मोडीत असतो. टिपण दिसायला पोराने गिरगटल्यासारखे, पण त्यातला आकडा खरा, कारण तो जमिनीवरून उचललेला. गावनकाशा त्याच्या उलट. दिसायला देखणा, पण टिपणांवरून लहान प्रमाणात उतरवलेला. आपल्याकडचे जुने गावनकाशे एका इंचाला वीस साखळ्या, म्हणजे एका मैलाला आठ इंच, या प्रमाणाचे.

भूगोलाचे सर पुढच्या रांगेत बसलेत, त्यांच्यासमोर हिशोब करतो, चुकला तर उभे करा. पाव मिलिमीटर जाडीची पेन्सिलीची रेघ. एका इंचाला वीस साखळ्या म्हणजे कागदावरचे एक माप जमिनीवर जवळजवळ आठ हजार पट. पाव मिलिमीटर गुणिले आठ हजार म्हणजे दोन मीटर. नुसत्या रेघेची जाडी जमिनीवर साडेसहा फूट भरते! या साडेसहा फुटांत आपल्याकडे अंजिराच्या झाडांची एक रांग बसते. सर आम्हाला नकाशावर प्रमाण लिहिले नाही तर अर्धे गुण कापायचे. तेव्हा राग यायचा. नोकरीत रोज वाटायचे की ज्या वकिलांनी आणि पुढाऱ्यांनी माझ्यापुढे गावनकाशा नाचवला त्यांना सरांच्या वर्गात एक वर्ष बसवावे.

शिवाय कागद जिवंत असतो. पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, घडीवर फाटतो. शंभर-सव्वाशे वर्षांचा नकाशा एका दिशेला जास्त आकसलेला असतो आणि दुसऱ्या दिशेला कमी.

मोठ्या नकाशांचे जग वेगळे. १८०२ साली कर्नल लॅम्बटनने मद्रासेजवळ पहिली पायारेषा मोजून देशभराच्या त्रिकोणमापनाला सुरुवात केली. त्याचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता. हा माणूस काम करता करता १८२३ साली आपल्या विदर्भात हिंगणघाटला वारला, तिथेच त्याची कबर आहे. त्याच त्रिकोणांच्या जोरावर पुढे राधानाथ सिकदरांनी आकडेमोड केली आणि १८५६ साली एव्हरेस्टची उंची २९,००२ फूट अशी जाहीर झाली. २०२० साली उपग्रहांच्या मदतीने पुन्हा मोजली तर ८,८४८.८६ मीटर आली, म्हणजे २९,०३२ फुटांच्या आसपास. फरक तीस फुटांचा, आणि सगळे जग म्हणते केवढे अचूक! हिमालयात तीस फूट चालून जातात. आपल्याकडे तीन फुटांवर कोयते निघतात.

विमानातून फोटो घेऊन नकाशे करणेही जुनेच आहे. एकाच जागेचे दोन फोटो घ्यायचे, दुसऱ्यात पहिल्याचा साठ टक्के भाग पुन्हा येईल असे. मग स्टिरिओस्कोपखाली ठेवून दोन डोळ्यांनी दोन फोटो पाहिले की डोंगर कागदातून वर उठतो. प्रशिक्षणात मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा हात लावायला गेलो होतो. पण ते काम धरणांचे, जंगलांचे, सैन्याचे. बांध ठरवायला त्याचा उपयोग नव्हता, आणि फोटो आमच्या हाती मिळायचेही नाहीत.

आमच्या हाती होता प्लेन टेबल. तिवईवर ठेवलेले पाट्यासारखे टेबल, वर ताणलेला कागद, आणि नेम धरायची एक पट्टी. समोर झेंडी घेऊन माणूस उभा करायचा, पट्टीतून नेम धरायचा, रेघ ओढायची, अंतर टाकायचे. नकाशा तिथल्या तिथे, शेतात, लोकांच्या डोळ्यांदेखत तयार व्हायचा. मला सगळ्यात आवडलेले साधन हेच. त्याचे कारण अचूकता नव्हे. टेबलाभोवती पंधरा-वीस माणसे उभी असायची. दोन्ही पक्ष, लगतचे खातेदार, कोतवाल, पोलीस पाटील, आणि काही काम नसलेले दहा जण. रेघ सरकू लागली की कुणीतरी बोलायचेच. "अहो भाऊसाहेब, तिथं बाभळ होती, बांध तिच्या अलीकडून जायचा." दुसरा म्हणायचा, "बाभळ तिथं नव्हतीच." मग एखादा म्हातारा उठून चार पावले चालत जायचा आणि काठीने माती उकरून दाखवायचा. दगड निघाला तर निघाला. संध्याकाळपर्यंत जी रेघ कागदावर पडायची ती सगळ्यांनी पाहिलेली असायची. तिला नंतर नाकारणे अवघड जायचे.

ईटीएस आले आणि हे चित्र बदलले. हे यंत्र तिवईवर बसते, समोरच्या काठीवरच्या आरशावर किरण सोडते आणि अंतर व कोन दोन्ही स्वतः मोजते. दिवसभराचे काम अर्ध्या दिवसावर आले. ओढा आडवा आला तरी उतरायला नको. साखळी धरून काट्याकुट्यांतून पळणारे आमचे शिपाई तर त्या यंत्राला हार घालायच्या बेतात होते. मीही खूष होतो, खोटे कशाला बोलू. फक्त एक गोष्ट झाली. रेघ आता शेतात उमटेना. आकडे यंत्राच्या पोटात जायचे, नकाशा कचेरीतल्या संगणकावर निघायचा, आणि शेतकऱ्याला 'क' प्रत मिळायची काही दिवसांनी. टेबलाभोवतीची गर्दी पांगली.

मग रोव्हर. काठीवर बसवलेली, उलट्या वाटीएवढी ही वस्तू आकाशातल्या उपग्रहांकडून संदेश घेते. तुमच्या मोबाइलमधला जीपीएसही तेच करतो, पण तो काही मीटर चुकतो. रिक्षाला ते चालते, बांधाला नाही. म्हणून जमिनीवर कायमची केंद्रे उभारली आहेत. त्यांना कॉर्स म्हणतात, आणि राज्यात अशी ७७ आहेत. त्या केंद्रांना स्वतःची जागा पक्की ठाऊक असते, त्यामुळे उपग्रहाचा संदेश या क्षणी किती चुकतोय हे ती सतत काढतात आणि रोव्हरला कळवतात. रोव्हर तेवढे वजा करतो आणि दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत नेमकी जागा सांगतो. दाट झाडीखाली किंवा कड्याच्या पायथ्याशी तो गडबडतो, कारण आकाश मोकळे लागते. पण माळावर एकटा माणूस तासाभरात जेवढे काम उरकतो, तेवढ्याला आम्हाला पूर्वी चौघांना दिवस लागायचा.

इथे मी तुम्हाला एक प्रकरण सांगतो. गावाचे आणि माणसांचे नाव घेत नाही.

दोन चुलत भाऊ, मध्ये बांध, बांधाच्या दोन्ही अंगांना अंजीर. १९८७ साली मी तो बांध शंकू-साखळीने मोजून दिला. २००४ साली थोरल्याने पुन्हा मोजणी मागितली, ती दुसऱ्या एका भूकरमापकाने ईटीएसने केली. २०२२ साली, मी घरी बसल्यावर, धाकट्याच्या मुलाने रोव्हरने मोजून घेतले. तिन्ही वेळा रेघ वेगळी आली. पहिल्या आणि तिसऱ्या रेघेत जास्तीत जास्त अंतर चार फूट. तिन्ही 'क' प्रती घेऊन तो मुलगा माझ्या ओसरीवर आला आणि म्हणाला, "काका, यातली खरी कुठली?"

मी त्याला जे सांगितले तेच तुम्हाला सांगतो. तिन्ही मोजण्या बरोबर होत्या. १९८७ साली मी जवळच्या दोन जुन्या दगडांपासून सुरुवात केली आणि टिपणातले आकडे जमिनीवर टाकले. २००४ पर्यंत त्यातला एक दगड रस्त्याच्या कामात गेला होता, म्हणून त्या गृहस्थाने विहीर आणि पलीकडचा बांध धरला. २०२२ साली नकाशा स्कॅन करून संगणकात घेतलेला होता. संगणक अख्ख्या गावाचा नकाशा जमिनीवरच्या खुणांशी जास्तीत जास्त जुळेल असा बसवतो. सरासरी गाव फार छान जुळते. पण कागद जिथे आकसला होता, त्या कोपऱ्यातली चूक कुठेतरी वाटली जाणारच. ती थोडी या बांधाच्या वाट्याला आली. रोव्हर दोन सेंटीमीटरही हलला नव्हता. त्याने दोन सेंटीमीटरच्या अचूकतेने साडेसहा फूट जाडीची रेघ दाखवली.

चार फूट रुंद आणि तीनशे फूट लांब धरा, म्हणजे जेमतेम एक गुंठा. प्रकरण अजून कोर्टात आहे. थोरला भाऊ गेल्या वर्षी वारला. धाकट्याकडचे कुणी दहाव्याला गेले नाही. मधला चार फुटांचा पट्टा कुणीच कसत नाही. तिथे घाणेरी माजली आहे.

यंत्राविरुद्ध माझी तक्रार नाही, हे स्पष्ट करतो, नाहीतर चहाच्या वेळी तरुण मंडळी मला धरतील. उद्या पुन्हा साखळी आणा म्हणणारा मी नव्हे. उलट माझे म्हणणे असे की नवीन यंत्राने जुना कागद फिरवत बसण्यापेक्षा जमीनच नव्याने मोजावी, आज प्रत्यक्ष जी वहिवाट आहे ती दोन्ही शेजाऱ्यांना उभे करून नोंदवावी, आणि तीच पुढची हद्द धरावी. हे काम मोठे आहे, खर्चाचे आहे, आणि त्यात मते जायची भीती आहे. पण हे केल्याशिवाय रोव्हरची अचूकता फुकट आहे.

आणि असे करता येते, हे आपल्याच तालुक्याने दाखवून दिले आहे. मल्हारगडाच्या पायथ्याचे सोनोरी तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. आपली सहल तिथेच जायची, आणि पानसे यांच्या गढीजवळ डबे सोडायचो. गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा राज्यातला पहिला प्रयोग या सोनोरीत झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी देशभरासाठी स्वामित्व योजना जाहीर झाली. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला सहा राज्यांतल्या ७६३ गावांच्या मिळकत पत्रिकांचे वाटप सुरू झाले, त्यात महाराष्ट्रातली १०० गावे होती.

याचे महत्त्व शहरातल्यांच्या पटकन लक्षात येत नाही. शेताला सातबारा असतो. गावठाणातल्या घराला काय असते? इंग्रजांनी मोजणी केली ती साऱ्यासाठी, आणि गावठाणाला सारा नव्हता, म्हणून आतली घरे मोजलीच नाहीत. नकाशावर गावठाण म्हणजे एक रिकामा डाग. ज्या घरात आपण जन्मलो, त्याचा पुरावा म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठ, आणि तो घरपट्टीचा कागद, मालकीचा नव्हे. त्यावर बँक कर्ज देताना कां-कूं करते.

सोनोरीसारख्या गावात मोजणी कशी होते ते सांगतो, कारण गंमत तिथेच आहे. ड्रोन साधारण १२० मीटर उंचीवरून रांगेने जातो आणि एकमेकांवर चढणारे शेकडो फोटो घेतो. सॉफ्टवेअर ते जोडून एक सपाट चित्र करते. त्यात पाच सेंटीमीटरची वस्तूही ओळखू येते. अख्खे गावठाण थोड्या वेळात उरकते. पण ड्रोनला वरून काय दिसते? छप्पर. भिंत दिसत नाही. आपल्या जुन्या घरांची वळचण भिंतीच्या पुढे दीड-दोन फूट येते. दोन घरांच्या वळचणी एकमेकींना चिकटल्या की खालची बोळ वरून गायब. एकाच लांब पत्र्याखाली तीन भावांचे तीन संसार असतात, वरून ते एकच घर दिसते. मागे परसात चिंच असेल तर अर्धे परस हिरव्या ठिपक्यात गेले.

म्हणून ड्रोन उडण्याच्या आधी गावात चुना टाकतात. साधा, क्रिकेटच्या मैदानावर टाकतो तो चुना. ग्रामपंचायतीची आणि खात्याची माणसे घरोघर जातात, मालक आणि शेजारी दोघांना बाहेर बोलावतात, आणि दोघांच्या देखत हद्दीवर पांढरी रेघ ओढतात. ती रेघ ड्रोनला दिसते. मग नकाशाची प्रत घेऊन पुन्हा घरोघर फिरतात, आणि चौकशी अधिकारी हरकती ऐकून नावे लावतात. निवृत्त झाल्यावर एका गावात मी हौसेने चुन्याच्या दिवशी गेलो होतो. सगळे गाव रस्त्यावर. एक आजी वळचणीचे पाणी कुणाच्या अंगणात पडते यावर जावेशी तावातावाने बोलत होत्या, आणि चुन्याचे घमेले घेतलेला पोरगा मध्ये ताटकळत उभा. शेवटी आजींनीच पदर खोचला आणि पायाने जमिनीवर रेघ ओढून दाखवली : "इथं टाक." जाऊबाई काही बोलल्या नाहीत. पोराने चुना टाकला. प्लेन टेबलाभोवतीची ती गर्दी मला वीस वर्षांनी पुन्हा दिसली.

ही आपल्या तालुक्याची एक बाजू. दुसरीही सांगितली पाहिजे, कारण तिथली माणसे आज या मंडपात बसली आहेत. २०२५ साली विमानतळासाठी सात गावांत ड्रोनने मोजणी करायला लोक आले तेव्हा गावकऱ्यांनी ती अडवली, आणि पुढे काय झाले ते तुम्ही पाहिले. विमानतळ व्हावा की नको, या वादात मी इथे पडत नाही. पण मोजणीवाला म्हणून एवढे नक्की सांगेन की सोनोरीचा ड्रोन आणि त्या गावांतला ड्रोन, यंत्र म्हणून एकच. एका ठिकाणी लोकांनी त्याच्यासाठी चुना टाकला, दुसऱ्या ठिकाणी त्याला पाहून बाया-बापड्या शेतात आडव्या झाल्या. साखळी घेऊन जाणाऱ्या मोजणीवाल्याला बांधावर यावेच लागायचे. पाणी मागावे लागायचे, शिव्या खाव्या लागायच्या, का मोजतोस याचे उत्तर द्यावे लागायचे. ड्रोनला ते लागत नाही. माणसाला न विचारता त्याची जमीन मोजता येणे, ही या दोनशे वर्षांतली सगळ्यात नवी गोष्ट आहे. पाच सेंटीमीटरपेक्षा मला तिची जास्त धास्ती वाटते.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो मुख्यतः मैत्रिणींसाठी. चौकशीच्या वेळी जो हजर असतो त्याचे म्हणणे लिहिले जाते. पुण्या-मुंबईला, बंगळूरला, अमेरिकेला असलेले आपले लोक गावी येत नाहीत. नंतर पत्रिका निघते, त्यावर गावात राहणाऱ्या एका भावाचे नाव असते, आणि मग फोन सुरू होतात. बहिणींची तर नावेच निघत नाहीत. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना हक्क मिळाला त्याला महाराष्ट्रात १९९४ पासून, देशभरात २००५ पासून इतकी वर्षे झाली. या मंडपात आमच्या वर्गातल्या अकरा जणी आल्या आहेत. तुमच्यापैकी किती जणींचे नाव माहेरच्या घराच्या पत्रिकेवर आहे? हात वर करू नका, भाऊही इथेच बसलेत. पण गावी नोटीस लागली आहे का, चौकशी झाली आहे का, हरकतीची मुदत उरली आहे का, हे येत्या आठवड्यात विचारून घ्या. हक्क सोडायचा असेल तर खुशाल सोडा, तो तुमचा प्रश्न. पण सोडलेला हक्क कागदावर 'सोडला' असा यावा, 'नव्हताच' असा येऊ नये.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. जेवणानंतर मी मागच्या पाचवीच्या वर्गात बसणार आहे. ज्यांनी घरून जुनी टिपणे, फाळणीचे नकाशे, उतारे आणले असतील त्यांनी घेऊन या. मोडी मला वाचता येते आणि भिंग आणले आहे. भावाभावांनी येताना दोघांनी मिळून यावे. एकट्याचा कागद मी बघणार नाही.